कमरेच्या पट्ट्याने कातरणीचा भार हलका होत नाही

माण तालुक्यात मेंढरे राखणाऱ्या माझ्या थोरल्या चुलत्यांनी गेल्या आठवड्यात कमरेला रुंद पट्टा करकचून आवळला, न्याहारीआधीच वेदनाशामक गोळी घेतली आणि ते दिवसभर न थांबता मेंढरे कातरत राहिले. कारण विचारल्यावर त्यांनी मोबाइलवर आलेला संदेश दाखवला: ‘पट्टा बांधा, सकाळीच गोळी घ्या, कातर बोथट ठेवा, मेंढरे दोन दिवस उपाशी ठेवा, कंबर कधीच धरणार नाही.’

यातला पट्ट्याचा दावा सर्वांत फसवा आहे, कारण त्याला परदेशी कातरणाऱ्याचे छायाचित्र जोडलेले आहे. छायाचित्रात दिसतो तो पट्टा नव्हेच. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडे वरच्या तुळईला स्प्रिंगने टांगलेली झोळी छातीखाली घेतात आणि ओणव्या धडाचे बरेचसे वजन ती झोळी पेलते. कमरेचा पट्टा वर कशालाच टांगलेला नसतो, त्यामुळे धडाचे ओझे मणक्यावर आणि पाठीच्या स्नायूंवर होते तसेच राहते. अमेरिकेतील १६० दुकानांत माल हाताळणाऱ्या हजारो कामगारांची पाहणी २००० साली तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली; तीत रोज पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. ते काम कातरणीचे नव्हते हे खरे, पण तासन्‌तास ओणवे राहण्याच्या कामात तोच पट्टा गुण देईल असे मानायला कोणता आधार आहे?

गोळीचा सल्ला तर घातक आहे. उन्हात घाम जाऊन अंगातले पाणी घटते, तेव्हा मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी शरीराची सोयच डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोखते, आणि रोज घेतल्यास जठरात व्रण होण्याचा धोका वेगळाच. बोथट कातरीला जोर जास्त लागतो, मनगट व अंगठा दुखावतो आणि मेंढीची कातडीही सोलते.

उपाशी ठेवण्यात मात्र अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागेल. रात्रभर चारा बंद ठेवल्यास आडवी पाडलेली मेंढी कमी धडपडते आणि आवरणाऱ्याच्या पाठीला हिसके कमी बसतात. दोन दिवसांचा उपास मात्र गाभण मेंढीच्या जिवावर बेतू शकतो.

चुलत्यांचा पट्टा मी सोडायला लावला. आता मेंढी जमिनीवर न पाडता कमरेइतक्या उंच फळ्यांच्या ओट्यावर ठेवली जाते, कातरीला रोज धार लागते आणि चार-पाच मेंढरे झाली की कातर धाकट्या चुलत्यांच्या हाती जाते.