घरातलं पोर्तुगीज नाणं लाखाला जात नाही, आणि चिंचेने तर मुळीच घासू नका

गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत घरोघरच्या ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतोय: 'पोर्तुगीज नाणं, वैष्णोदेवीचं नाणं किंवा वर्षाखाली हिरा असलेलं नाणं घरात असेल तर रिझर्व्ह बँक लाखो रुपये देते. चिंचेने चकचकीत करा, फोटो पाठवा, नोंदणीचे पैसे भरा.' मी बरीच वर्षं नाणी जमवतो. यातला एकही शब्द खरा नाही.

रिझर्व्ह बँक असली खरेदी करत नाही. आपल्या नावाने शुल्क आणि कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं तिने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं. पैसे मागितले की तिथेच थांबा.

'हिरा' ही टांकसाळीची खूण. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. अशी नाणी तुमच्या खिशात आत्ताही असतील. वैष्णोदेवीचं २०१२ चं नाणं हे स्मारक नाणं खरं, पण ते चलनातही आलं, म्हणून ते सहज सापडतं.

आता पोर्तुगीज नाणी. जुनं म्हणजे महाग, हा समज सगळ्यात जास्त फसवतो. मोल ठरतं दोन गोष्टींवर: तसली नाणी किती उरलीत आणि हातातलं कोणत्या अवस्थेत आहे. या अवस्थेला आम्ही ग्रेड म्हणतो. १८८२ चा गोव्याचा चांदीचा रुपया घ्या. कोलकात्यात पाडलेला, ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे ब्रिटिश रुपयाइतकाच. त्यावरच्या पोर्तुगालच्या लुईश राजाच्या कानावरच्या बटा भिंगातून बघा. एकेक केस वेगळा दिसला तर नाणं फारसं फिरलेलं नाही. केसांचा सपाट गोळा झाला असेल तर ते भरपूर हातांतून गेलंय आणि किंमत धाडकन उतरते. वर्ष दोन्हींवर एकच. शिवाय शंभर वर्षांपुढचं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं, तेव्हा 'परदेशातलं गिऱ्हाईक' कितीही देतो म्हणाला तरी ते खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही.

चिंचेचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. तांब्या-कांशाच्या नाण्यावर वर्षानुवर्षं चढणारा तपकिरी थर म्हणजे पॅटिना. तो मळ नव्हे, नाण्याची कातडीच ती. आमच्या मावशीकडे १९५८ चं दहा सेंताव्होंचं, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या सुट्या पैशांचं, कांशाचं नाणं होतं, गडद चॉकलेटी, अक्षरं धारदार. संदेश वाचून तिने ते चिंचेत भिजवलं आणि काथ्याने घासलं. आता ते गुलाबी दिसतं, आणि तिरपं धरलं की अक्षरांवरून आडवे ओरखडे चमकतात. तो थर परत येत नाही.

तुमच्याकडे असं नाणं असेल तर कडेने धरा, साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि जाणकाराला आहे तसंच दाखवा.