‘म्होरक्या कोण’ हे कुत्र्याला दाखवण्याविषयी खुलासा

कुत्रा ऐकत नसेल तर त्याला उताणे पाडून दाबून धरावे, म्हणजे घरातला म्होरक्या कोण हे त्याला कळते, आणि खाऊ देऊन शिकवलेला कुत्रा लोभी होतो, असा संदेश सध्या श्वानपालकांमध्ये फिरत आहे. ही दोन्ही विधाने चुकीची असून पहिले धोकादायकही आहे.

म्होरक्याची ही कल्पना प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून रुजली. परंतु लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी कॅनडातील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण करून 1999 मध्ये मांडले की, नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्ले यांचे कुटुंब असते, सत्तेसाठी झगडणारी टोळी नव्हे. विशेष म्हणजे ती जुनी कल्पना लोकप्रिय होण्यात मेक यांच्याच आधीच्या लेखनाचा वाटा होता, आणि ती चूक त्यांनी स्वतः दुरुस्त केली, हे मला फार मोलाचे वाटते. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे.

दाबून धरलेला कुत्रा शांत दिसतो तो भीतीने, आणि घाबरलेला प्राणी चावूही शकतो. उलट हवे ते वर्तन घडताच, एक-दोन सेकंदांत, नखाएवढा खाऊ दिल्यास ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. हा खाऊ दिवसाच्या आहारातूनच वजा करावा. जेवणाचा काही भाग जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत लपवून हुंगत शोधायला दिल्यास, पावसामुळे फिरणे चुकलेल्या कुत्र्याच्या मेंदूलाही काम मिळते. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक गुरगुरू लागला, तर आधी पशुवैद्यांकडून त्याला काही दुखत नाही ना, हे तपासून घ्यावे.