रकाना रिकामाच

रावेरजवळच्या केळीच्या मळ्यातल्या खोलीवर मी फायबरची जोडणी घेतली, चार कॅमेरे आणि त्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवला. पण घरून तो थेट उघडायला गेलो की उघडत नाही, कारण सेवादात्याने एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घरक्रमांक, अनेक ग्राहकांत वाटून दिला आहे आणि बाहेरून आलेली हाक नेमकी कोणाच्या दारात न्यायची, हे त्याच्या यंत्रणेला कळत नाही. राउटरच्या पानावर १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो, तो याच वाटपाचा. तक्रार केली की दरवेळी तेच उत्तर मिळते, "भाऊ, स्टॅटिक आयपी घ्या, वेगळे पैसे पडतील." म्हणजे फक्त माझ्यासाठी राखलेला, न बदलणारा पत्ता.

का म्हणून द्यायचे? आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला, तर पत्त्यांचा तुटवडा कायमचा मिटवणाऱ्या १२८ बिटांच्या आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा आराखडा १९९८ सालीच प्रसिद्ध झाला होता. माझ्या खिशातल्या मोबाइलला, त्याच मळ्यात, आयपीव्ही६ पत्ता आपोआप मिळतो. मग जमिनीखालून काच ओढून आणणाऱ्याला तो देणे का जमू नये? जुनी उपकरणे बदलायला खर्च येतो, हे मला मान्य आहे. पण त्या दिरंगाईचा भुर्दंड दरमहा ग्राहकाने सोसावा, हे मुळीच मान्य नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी नवा राउटर बसवून दिला. त्यात आयपीव्ही६ चा रकाना आहे आणि तो रिकामाच आहे.