मामा, तो आजोळचा साप आहे, कालिया नाही

काल रात्री मामांनी फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला. बेलारूसमधल्या प्रुझानी नावाच्या गावाचं चिन्ह, ढालीवर काढतात ना तसलं. मुकुट घातलेला निळा साप वेटोळी घालून उभा आणि त्याच्या तोंडात कमरेपर्यंत एक बाळ, हात पसरलेलं. खाली मजकूर, की हे कालियामर्दन आहे, बाळकृष्ण सापाच्या तोंडातून बाहेर येतोय, ज्या 'व्हिस्कोंती' घराण्याचा हा साप ते म्हणजे 'विष्णुकांती', त्यांचं इटलीतलं मिलान शहर म्हणजे मिलन, आणि हे सगळं चर्चने दाबून ठेवलंय. असल्या पोस्टी रोज येतात, मी गप्पच बसलो असतो. पण मामांना नागपंचमीला शाळेत बोलायला बोलावलंय आणि ते म्हणतात तिथे हेच सांगणार. म्हणून टायपायला बसलोय.

आधी ते कालियामर्दन. मामा, तुमच्याच घरी श्रावणात देवघराशेजारी जिवतीचा कागद लागायचा, त्यावर कृष्ण कुठे असतो? कालियाच्या फण्यावर, नाचत. इथे पोरगं अर्धं सापाच्या घशात आहे. हे मर्दन असेल तर ते कालियाचं नाही, कृष्णाचं झालं! फोटो झूम करून बघायला काय जातं?

आता विष्णुकांती. व्हिस्कोंती हे लॅटिन 'व्हिसेकोमेस' वरून आलंय, म्हणजे काउंटचा नायब. इंग्रजांचा व्हायकाउंट तो हाच. हुद्द्याचं आडनाव झालं, जसं आपल्याकडे कुलकर्णी, चिटणीस, देशमुख. यात विष्णू कुठून आला ते पोस्ट लिहिणाऱ्यालाच माहीत.

बरं मग मिलानचा साप बेलारूसमध्ये गेला कसा? तर लग्नांमुळे. १४४१ मध्ये फ्रान्चेस्को स्फोर्झाने शेवटच्या व्हिस्कोंती ड्यूकच्या मुलीशी लग्न केलं, १४५० मध्ये तो स्वतः ड्यूक झाला आणि सासऱ्याच्या गादीबरोबर सासऱ्याचा सापही घेतला. त्याच घराण्यातली बोना स्फोर्झा १५१८ मध्ये पोलंडच्या राजाला दिली. तिची मुलगी आन्ना, पोलंडची राणी, हिने १५८९ मध्ये तेव्हा पोलंड-लिथुआनियाच्या राज्यात असलेल्या प्रुझानीला शहराचे हक्क दिले आणि आईची आठवण म्हणून हे चिन्ह दिलं. थोडक्यात आन्नाच्या आजोळचा साप. मामा, तुम्हाला तरी हे पटकन कळायला पाहिजे.

मिलान म्हणजे मिलन यावर वेळ घालवत नाही. मूळ नाव मेदिओलानुम, इ.स.पू. २२२ मध्ये रोमनांनी जिंकलं तेव्हाही ते गॉल लोकांचं गाव होतं. पुढे.

चर्चने दाबलं म्हणे. अहो, ज्याने १२७७ मध्ये मिलानची सत्ता व्हिस्कोंतींकडे आणली तो ओत्तोने व्हिस्कोंती स्वतः मिलानचा आर्चबिशप होता! आणि १९१० पासून तोच साप गाड्यांच्या बोनेटवर फिरतोय, अल्फा रोमिओचा बिल्ला बघा, डावीकडे शहराचा लाल क्रॉस आणि उजवीकडे हा साप. याला दाबणं म्हणतात?

सगळ्यात जुना पक्का पुरावा हवा असेल तर १२८८ मध्ये तिथल्याच एका लेखकाने, बोन्वेसिन दा ला रिवाने, मिलानचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात आहे की शहरातर्फे व्हिस्कोंती कुळातल्या एका लायक माणसाला एक निशाण दिलं जातं, त्यावर साप एका लाल सारासेनाला, म्हणजे तेव्हाच्या युरोपच्या भाषेत मुसलमानाला, गिळतोय. म्हणजे क्रुसेडच्या काळातलं, शत्रूला खाणाऱ्या सापाचं चित्र. पोरांसमोर हे बाळकृष्ण म्हणून दाखवणार आहात, जरा विचार करा. प्रुझानीत ते बाळ गिळलं जात नाही, बाहेर येतंय असं मानतात, तेवढं तुमच्या पोस्टमध्ये बरोबर होतं, मान्य.

आणि अजून एक, नाइलाजाने सांगतो. बोन्वेसिनने सापाचा रंग 'इंडिको' लिहिलाय. नीळ भारतातून जायची म्हणून त्या रंगाला लॅटिनमध्ये भारताचंच नाव पडलं. शाळेत भारताचा संबंध सांगायचाच असेल तर हा सांगा, आणि तो विष्णुकांती प्लीज गाळा.