काळी गाठ दिसली की चागा?

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘झाडावर कोळशासारखी काळी गाठ दिसली तर समजा, चागा ही औषधी अळंबी सापडली. ती कुठल्याही झाडावर येते. काढा करून रोज प्या, कॅन्सर पळतो, अपाय शून्य.’

‘कुठल्याही झाडावर’ इथेच गाडी घसरते. चागा, शास्त्रीय नाव इनोनोटस ऑब्लिक्वस, वाढते ती मुख्यतः जिवंत बर्चच्या खोडावर. भूर्जपत्र ज्याचं, तो भूर्ज याच कुळातला. सायबेरिया, फिनलंड, कॅनडा, अलास्का हे तिचे थंड मुलूख. अल्डरसारख्या दुसऱ्या झाडावर ती क्वचितच दिसते. म्हणून आधी झाड ओळखायचं, गाठ नंतर.

राहिला काळा रंग. झाडाच्या स्वतःच्या गाठीवर साल असते, आणि कापली तर आत लाकूडच निघतं. प्लम-चेरीच्या फांद्यांवर एक निराळीच बुरशी काळ्या, लांबट गाठी आणते. घोड्याच्या खुरासारखी टणक अळंबीही बर्चवर येते, पण तिच्या खालच्या बाजूला बारीक छिद्रं असतात. चागाला ना टोपी, ना अशी छिद्रं. बाहेरून ती भेगाळलेली, ठिसूळ, काळीकुट्ट. आत गंजाच्या रंगाचा, बुचासारखा गाभा आणि त्यात फिकट शिरा. नुसत्या बाहेरच्या फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

गंमत म्हणजे ती गाठ रूढ अर्थानं अळंबी नाहीच. तो बुरशीचे तंतू आणि लाकूड यांचा गोळा. त्यातून बीजाणू पडत नाहीत. बीजाणू देणारा भाग झाड किंवा त्याचं खोड मेल्यावर सालीखाली तयार होतो, त्यामुळे सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही.

कॅन्सरचं म्हणाल, तर प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर चागाच्या अर्काचा परिणाम दिसला आहे. माणसांचा कॅन्सर त्यानं बरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही.

आणि ‘अपाय शून्य’? चागात ऑक्झलेट, म्हणजे मूत्रपिंडात स्फटिक होऊन साचू शकणारा एक क्षार, भरपूर असतं. जपानमधल्या डॉक्टरांनी २०१४ साली यकृताचा कॅन्सर असलेल्या ७२ वर्षांच्या एका बाईंची हकिकत प्रसिद्ध केली. त्या सहा महिने रोज चार-पाच चहाचे चमचे चागाची पूड घेत होत्या. मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक साचले, मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस करावं लागलं. फिरणाऱ्या त्या मजकुरात रोज किती प्यायचं, हे लिहिलेलंच नाही.