‘कोणतेही मूल्य छापणारे’ दहा ओळींचे फंक्शन

ओकॅमल ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. तो माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्यातले फंक्शन त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये जसेच्या तसे घातले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: पायथन आणि हॅस्केल काहीही छापतात, ओकॅमलला मात्र ते जमत नाही, त्याचा टॉपलेव्हल (ओळ लिहिताच उत्तर दाखवणारी खिडकी) मूल्ये छापून दाखवतो, म्हणजे माहिती मेमरीत असतेच, कंपायलर ती दडवतो, तेव्हा टाइपची तपासणी चुकवू देणाऱ्या ऑब्ज मॉड्यूलच्या आधारे थेट मेमरी वाचणारे सोबतचे दहा ओळींचे फंक्शन वापरा.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरे नुकसान तोच करतो. मूल्य कोणत्या टाइपचे, म्हणजे पूर्णांक, यादी की आणखी काही, ही माहिती मेमरीत नसते. टाइप तपासून झाले की कंपायलर ते टाकून देतो आणि चालत्या प्रोग्राममध्ये केवळ एक मशीन-वर्ड उरतो, ज्याचा सर्वांत खालचा बिट १ असेल तर मूल्य त्या वर्डमध्येच असते आणि ० असेल तर तो पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या दुसऱ्या जागेचा (ब्लॉकचा) पत्ता असतो. ६४ बिटांच्या मशीनवर ओकॅमलचा पूर्णांक ६३ बिटांचा असण्याचे कारणही हेच. या मांडणीत शून्य, असत्य, रिकामी यादी, युनिट (सांगण्यासारखे काही नसताना दिले जाणारे मूल्य) आणि नन (‘मूल्य नाही’ असे सांगणारा पर्याय) ही पाचही मूल्ये हुबेहूब सारखी असतात. [१] ही यादी आणि (१, ०) ही जोडी यांतही फरक उरत नाही. परीक्षेच्या निकालासाठी उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि गैरहजर असे तीन पर्याय असलेला टाइप केला, तर मेमरीत त्यांची नावे नसतात, फक्त ०, १ आणि २ असतात; म्हणजे हे जादूचे फंक्शन गैरहजर विद्यार्थ्यापुढे ‘२’ छापणार आणि वाचणारा त्याला दोन गुण मिळाले असे समजणार. त्यातही संदेशातले फंक्शन ब्लॉकचा टॅग, म्हणजे आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे ती खूण, तपासत नाही, त्यामुळे स्ट्रिंगचे बाइट पॉइंटर समजून वाचले गेल्यास प्रोग्राम कोसळू शकतो, आणि स्वतःकडेच परत वळणारी यादी दिल्यास ते कधी थांबतच नाही. ही सारी मांडणी ओकॅमलच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये, सी भाषेशी जोडणी करण्याच्या प्रकरणात, उघडपणे दिलेली आहे. दडवलेले काहीच नाही. ते प्रकरण उघडण्याचे कष्ट मात्र संदेश लिहिणाऱ्याने घेतलेले दिसत नाहीत.

टॉपलेव्हल छापतो, कारण टाइप ठरवणारा तपासनीस तेथे त्याच्या शेजारीच बसलेला असतो. तरीही फंक्शन दिले की तोही टाइप सांगून मूल्याच्या जागी ‘फन’ एवढेच लिहितो.

पायथनविषयी फार बोलण्याची गरज नाही. स्वतःचा क्लास लिहून, छापण्याची पद्धत न सांगता, त्याचा ऑब्जेक्ट छापून पाहावा: क्लासचे नाव आणि मेमरीतला पत्ता हाती येतो.

हॅस्केलचे प्रिंट ‘काहीही’ छापत नाही. ज्या टाइपला शो या टाइपक्लासचा इन्स्टन्स आहे, म्हणजे तो कसा छापायचा हे लिहून दिलेले आहे, तेवढेच छापते, आणि फंक्शन दिल्यास कंपायलर तसा इन्स्टन्स नसल्याचे सांगून अडवतो. अट न घालता कोणत्याही टाइपचे मूल्य घेऊन स्ट्रिंग देणारे प्रामाणिक फंक्शन त्या मूल्याच्या आत डोकावूच शकत नाही, त्यामुळे त्याचे उत्तर दिलेल्या मूल्यावर अवलंबून राहत नाही, संगणकशास्त्रज्ञ जॉन रेनॉल्ड्स यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पॅरामेट्रिसिटीच्या सिद्धान्तातून हेच निघते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. ओकॅमल स्वतः हा नियम पूर्णपणे पाळत नाही: त्याचे समानतेचे चिन्ह आणि कंपेअर हे तुलनेचे फंक्शन कोणत्याही टाइपची मूल्ये स्वीकारतात, मेमरीच तपासतात आणि फंक्शनांची तुलना करायला सांगितल्यास चालत्या प्रोग्राममध्ये अपवाद (एक्सेप्शन) फेकतात. शिवाय प्रत्येक टाइपसाठी छापण्याचे फंक्शन हाताने लिहिणे कंटाळवाणे आहे, ही तक्रारही खोटी नाही. पण त्यासाठी पीपीएक्स-डिरायव्हिंग हे कोड लिहून देणारे साधन आहे: टाइपच्या व्याख्येखाली ‘डिरायव्हिंग शो’ लिहिले की ते फंक्शन टाइप माहीत असतानाच, म्हणजे कंपाइल होताना, तयार होते आणि गैरहजर विद्यार्थी गैरहजर म्हणूनच छापला जातो.