मामा मागच्या गेटनं

परवा सख्ख्या भाचीच्या लग्नात मला मंगल कार्यालयाच्या पुढच्या गेटातून आत सोडलं नाही. पत्रिका होती, फेटा होता, आहेराचं पाकीटसुद्धा होतं. पण खाली मारुतीची ओम्नी व्हॅन होती. २००९ची, एके काळी पांढरी, आता सायीच्या रंगाची.

वॉचमनला शिट्टी तोंडातून न काढता बोलायची सवय होती, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य बारीक शीळ घालत संपायचं.

"केटरिंग मागनं."

"अहो, केटरिंग नाही. लग्नाला आलोय आम्ही."

"लग्नालाच येत्यात सगळी. भात बी लग्नालाच येतो."

यावर मला काही सुचलं नाही. "मी मुलीचा मामा आहे," मी म्हणालो. त्यानं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या फेट्याकडे.

"वाढपी बी फेटं घालत्यात आता."

हे खरं आहे, आणि म्हणूनच जास्त लागलं. तेवढ्यात त्यानं मागच्या खिडकीतून आत डोकावलं. आई मांडीवर पितळी डबा घेऊन बसली होती.

"आज्जी, डब्यात काय?"

"लाडू आहेत रे बाबा," आई प्रेमानं म्हणाली.

"मग!" तो म्हणाला, आणि केस संपली.

आमच्या मागून एक काळी, म्हशीएवढी गाडी हॉर्न देत आली. तिला त्यानं सलाम ठोकला. त्यात एकटा माणूस होता, आणि तो नंतर कळलं की सनईवाल्यांचा मॅनेजर होता.

या व्हॅनचा देशातला जन्म १९८४चा, ओम्नी हे बारसं १९८८चं, आणि २०१९मध्ये उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षांत तिनं शाळेची पोरं वाहिली, पेशंट वाहिले, हिंदी सिनेमातल्या निम्म्या हिरॉइनी पळवल्या. तेव्हा कुठला वॉचमन आडवा आला नाही. दोन वर्षांपूर्वी तिला पंधरा पूर्ण झाली, तर ५००० रुपये फी आणि वर पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी पासिंग करून आणलं. म्हणजे सरकारच्या लेखी ती मोटारकार आहे. टेम्पो फक्त या वॉचमनच्या लेखी.

इंजिन पुढच्या सीटखाली आहे हे मान्य. मे महिन्यात पैठणी नेसून त्यावर बसलेली माझी बायको "मला उकडून आणलंय, वाढा आता" असं जे म्हणाली, तेही मान्य. पण सरकतं दार उघडलं की आई आडवी पावलं टाकत आत येते आणि बसते. भाऊजींच्या नव्या गाडीत चढवायला तिच्यासाठी डिकीत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवावं लागतं. वीस-बावीस लाखांची गाडी आणि स्टूल!

असो. मागच्या गेटला गेलो. तिथे चिंचेची गार सावली, भरपूर जागा, आणि आचाऱ्यानं विचारलं, "कोथिंबीर आणली का?" मी नाही म्हणालो तर तो माझ्यावर खेकसला. इतक्यात माइकवरून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी पळत सुटलो. भटारखान्याच्या दारात दुसरा एक वॉचमन. "इकडनं नाही. हॉलमधी फक्त पाव्हणं." माइकवर पुन्हा, जरा चिडून, "मामा कुठे आहेत मामा?" शेवटी एका वाढप्यानं माझ्या हातात द्रोणांची चळत दिली आणि म्हणाला, "हे घेऊन जा, कोण अडवत नाही." खरंच कोणी अडवलं नाही. भाचीला बोहल्यावर नेलं तेव्हा द्रोण कुठे ठेवले ते आजही आठवत नाही. व्हिडिओत सापडतील.

हसून सोडून देणार होतो. पण संध्याकाळी, वर्षभर माझ्या गाडीला "डबा" म्हणणारे भाऊजी खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तेवढं रुखवत तुझ्या गाडीत टाकू या का? आमच्या सीटा नव्या आहेत." रुखवत, दोन समया, पाण्याचा पिंप, उरलेल्या जिलबीची पातेली आणि पाट. शिवाय दोन आत्या, कारण त्यांना "मोठ्या गाडीत मळमळतं". दर लग्नात हेच. रात्री अकराला हॉस्पिटलात कुणाला न्यायचं असलं तरी फोन मलाच येतो, आणि तेव्हा "डबा" म्हणत नाहीत, "आपली व्हॅन" म्हणतात. डिझेलचे, आपलं, पेट्रोलचे पैसे आजवर एकानं विचारले असतील तर शपथ.

निघताना गेटवर तोच वॉचमन. शिट्टी तीच. त्यानं सरकतं दार स्वतः उघडलं, पातेली पाहिली, आत्यांकडे दुर्लक्ष केलं आणि वही पुढे केली.

"भांडी मोजून दिली का आत?"

मी भांडलो नाही. अंगात त्राण नव्हतं. सही केली. नावाच्या रकान्यात त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं: मामा केटरर्स.